नवे दप्तर, जुनी शिस्त : लिनक्स संगणकास पेन ड्राइव्ह कसा जोडावा

पुणे शहरातील पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद जतन करण्यात आले आहेत. यांपैकी बहुसंख्य कागद मोडी लिपीतील असून ते कापडात बांधून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. अशा गाठोड्यास ‘रुमाल’ म्हणतात. याच दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. एवढ्या अफाट साठ्यातून हवा तो कागद हाती लागतो, याचे श्रेय दप्तरखान्याच्या शिस्तीस द्यावे लागते. रुमाल कोणता याची आधी खात्री करावयाची, तो नेमलेल्या जागी उघडावयाचा आणि काम संपताच नीट बांधून परत ठेवावयाचा, ही ती शिस्त होय.

आज शासकीय कार्यालयांचे आणि शाळांचे बरेचसे दप्तर कापडी रुमालात नसून बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये किंवा खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये असते. विद्यार्थ्यांचे निकाल, ग्रामपंचायतीच्या करआकारणीची नोंदवही, ग्रामसभेची कार्यवृत्ते आणि विकासकामांची छायाचित्रे यांतूनच एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जातात. साधन बदलले, तरी ओळख पटविणे, नेमल्या जागी जोडणे आणि रीतसर अलग करणे या तीन पायऱ्या बदललेल्या नाहीत. लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकात तर त्या अगदी स्पष्टपणे दिसतात. त्या समजून न घेता काम केल्यास वर्षभराची माहिती एका क्षणात नष्ट होऊ शकते. यास्तव अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांनी त्यांची तोंडओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पुणे, संगणक आणि लिनक्स

संगणकाच्या क्षेत्रात पुणे शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच ‘सी-डॅक’ची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने आपण एक कार्यप्रणाली तयार करीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. लिनक्सचा मूळ आराखडा सर्वांस खुला असल्याने ती कोणासही विनामूल्य वापरता येते, अभ्यासता येते आणि आपल्या गरजेनुसार बदलता येते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे. २०२० साली या यादीत ६३ वे स्थान मिळविणारा ‘परम सिद्धी-एआय’ हा पुण्यातील सी-डॅकचाच होता.

लिनक्सचा उपयोग महासंगणकापुरता मर्यादित नाही. अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सचाच आहे. भारतीय भाषांत काम करता यावे या हेतूने सी-डॅकने ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स’, संक्षेपाने ‘बॉस’, ही लिनक्सवर आधारित प्रणाली २००७ साली उपलब्ध करून दिली. शासकीय कामात मुक्त स्रोत संगणकप्रणालींचा अवलंब व्हावा, असे धोरण केंद्र शासनाने २०१५ साली जाहीर केले. अशा संगणकाशी केव्हा ना केव्हा संबंध येणार, हे गृहीत धरूनच पुढील माहिती दिली आहे.

एकच वृक्ष, अनेक फांद्या

विंडोज प्रणालीच्या संगणकात पेन ड्राइव्ह लावला की त्यास ‘डी’, ‘ई’, ‘एफ’ यांसारखे एखादे अक्षर मिळते. लिनक्समध्ये अशी स्वतंत्र अक्षरे नसतात. तेथे सर्व माहिती एकाच वृक्षाप्रमाणे मांडलेली असते. वृक्षाचे मूळ केवळ एका तिरप्या रेघेने, म्हणजे ‘/’ या चिन्हाने, दर्शवितात. त्या मुळापासून निर्देशिकांच्या फांद्या फुटतात. बाहेरून आणलेले साधन उपयोगात आणावयाचे तर त्यातील माहिती या वृक्षाच्या एखाद्या फांदीस जोडावी लागते. या क्रियेस ‘माउंट करणे’ म्हणतात. जेथे जोड होतो ती निर्देशिका म्हणजे जोडबिंदू होय.

ही कल्पना लिनक्सच्याही आधीची आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या यूनिक्स प्रणालीतून ती आली. यूनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तकातही माउंट करण्याची सोय नोंदलेली आहे. त्या काळी संगणकाच्या तबकड्या आकाराने मोठ्या असत आणि त्या यंत्रावर प्रत्यक्ष चढवाव्या लागत. आज यंत्र खिशात मावते, तरी शब्द तोच राहिला आहे.

पहिली पायरी : ओळख पटविणे

लिनक्समध्ये बहुतेक यंत्रभागांस ‘/डेव्ह’ या निर्देशिकेत एक नाव मिळते. हा शब्द डी, ई, व्ही या तीन रोमन अक्षरांनी लिहितात. यूएसबी मार्गाने जोडलेल्या साधनांची नावे साधारणतः ‘एसडीए’, ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशी असतात. एस आणि डी ही पहिली दोन अक्षरे समान असून तिसरे अक्षर क्रमाने बदलते. साधनाचे विभाग पाडलेले असल्यास नावापुढे अंक येतो. उदाहरणार्थ, ‘एसडीबी१’ म्हणजे ‘एसडीबी’ या साधनाचा पहिला विभाग. हा भेद पक्का ध्यानात ठेवावा. अंक नसलेले नाव संपूर्ण साधनाचे असते, अंक असलेले नाव त्यातील एका विभागाचे. एरवी माउंट करावयाचा तो विभाग.

ओळख पटविण्याची सर्वांत सोपी आज्ञा ‘एलएसबीएलके’ ही आहे. एल, एस, बी, एल, के ही पाच लहान रोमन अक्षरे आज्ञापटलावर लिहून एंटर कळ दाबताच संगणकास जोडलेल्या सर्व साठवण-साधनांची यादी दिसते. तीत साधनाचे नाव, आकारमान आणि ते वृक्षात कोठे जोडले आहे याची नोंद असते. खात्रीचा उपाय असा की, पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी एकदा आणि लावल्यानंतर पुन्हा एकदा ही आज्ञा द्यावी. दुसऱ्या यादीत जी ओळ नव्याने आली, तेच आपले साधन.

समजा, पहिल्या यादीत ‘एसडीए’ हे ४६५.८ आकारमानाचे एकच साधन होते आणि दुसऱ्या यादीत ‘एसडीबी’ हे १४.९ आकारमानाचे साधन वाढले. पाकिटावर १६ जीबी छापलेले असताना १४.९ का दिसावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. यात फसवणूक नसते. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतात, तर ही आज्ञा १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा एक घटक धरते. १,६०० कोटी बाइटांना या संख्येने भागले असता सुमारे १४.९ हे उत्तर येते. ५०० जीबीची हार्ड डिस्क ४६५.८ दिसते, तिचे कारणही हेच.

याहून अधिक तपशील हवा असल्यास ‘बीएलकेआयडी’ ही आज्ञा उपयोगी पडते. ती प्रत्येक विभागातील फाईल-रचनेचा प्रकार, त्यास दिलेले नाव आणि त्याचा ओळख-क्रमांक सांगते. साधन लावूनही यादीत काहीच दिसत नसेल, तर ‘डीमेसेज’ म्हणजे डी, एम, ई, एस, जी या अक्षरांची आज्ञा द्यावी. यंत्रभागांविषयी प्रणालीने केलेल्या नोंदी तीत क्रमाने वाचावयास मिळतात. शेवटच्या काही ओळींत नव्या साधनाचा उल्लेखच नसेल, तर दोष बहुधा खाचेत, तारेत किंवा खुद्द साधनात असतो.

अक्षरावर विसंबू नये

येथे एक गंभीर इशारा देणे आवश्यक आहे. ‘एसडीबी’ हे नाव पेन ड्राइव्हचे कायमचे नाव नव्हे. साधने ज्या क्रमाने प्रणालीच्या लक्षात येतात, त्या क्रमाने अक्षरे दिली जातात. काल जो पेन ड्राइव्ह ‘एसडीबी’ होता, तो आज ‘एसडीसी’ असू शकतो. अलीकडच्या अनेक संगणकांत अंतर्गत साठ्याचे नाव ‘एनव्हीएमई’ या अक्षरांनी सुरू होते. अशा संगणकात पेन ड्राइव्हच ‘एसडीए’ होतो. उलट जुन्या संगणकात ‘एसडीए’ हा कार्यालयाचा मुख्य साठा असतो.

या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या शाळेतील शिक्षकास पेन ड्राइव्ह पुसून त्यावर नवी फाईल-रचना निर्माण करावयाची आहे. ‘एमकेएफएस’ या आज्ञेने ते साधते. पूर्वी दुसऱ्या संगणकावर वापरलेली आज्ञा त्याने वहीतून जशीच्या तशी उतरविली आणि ‘बी’च्या जागी ‘ए’ राहिला. प्रशासकीय अधिकाराने दिलेल्या आज्ञेस संगणक हरकत घेईलच असे नाही. पेन ड्राइव्ह जसाच्या तसा राहील आणि चुकीच्या जागची माहिती जाईल. म्हणून पुसण्याची, विभाग पाडण्याची किंवा फाईल-रचना बदलण्याची कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ची यादी त्याच वेळी पुन्हा पाहावी आणि नाव व आकारमान ही दोन्ही जुळल्याखेरीज पुढे जाऊ नये.

फाईल-रचनांचे प्रकार

पेन ड्राइव्हमध्ये माहिती कोणत्या पद्धतीने मांडली आहे, हे जाणणेही गरजेचे असते. ‘फॅट३२’ ही जुनी रचना जवळजवळ सर्व संगणकांस वाचता येते. मात्र तीत ४ जीबी एवढी किंवा त्याहून मोठी एकच फाईल मावत नाही. ग्रामसभेच्या दीर्घ चित्रफितीची नक्कल मध्येच थांबली, तर हे कारण तपासावे. मोठ्या फाइलींसाठी ‘एक्सफॅट’ सोयीची आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली तिचा तपशील खुला केला आणि त्यानंतर लिनक्सच्या गाभ्यातच तिची सोय झाली. ‘एनटीएफएस’ ही विंडोजची मुख्य रचना असून तिच्यासाठीही २०२१ पासून लिनक्सच्या गाभ्यात वाचन-लेखनाची पूर्ण सोय आहे. ‘ईएक्सटी४’ ही लिनक्सची स्वतःची रचना होय. ती भक्कम असली तरी विंडोज संगणक ती आपण होऊन वाचत नाहीत. तात्पर्य, जो पेन ड्राइव्ह अनेक कार्यालयांत फिरणार आहे त्यासाठी एक्सफॅट आणि जी डिस्क केवळ लिनक्स संगणकासच जोडली जाणार आहे तिच्यासाठी ईएक्सटी४ हा सर्वसाधारण संकेत पाळावा.

दुसरी पायरी : जोडणी

बॉस, उबुंटू यांसारख्या प्रणालींच्या चित्रमय पटलावर पेन ड्राइव्ह लावताच किंवा त्याच्या चिन्हावर टिचकी मारताच तो आपोआप माउंट होतो. त्याचा जोडबिंदू सहसा ‘/मीडिया’ या निर्देशिकेत, वापरकर्त्याच्या नावाखाली असतो. नित्याच्या कामास एवढे पुरेसे आहे. परंतु चित्रमय पटल नसलेल्या सेवासंगणकावर किंवा आपोआप जोडणी अयशस्वी झाल्यास ती हाताने करावी लागते. त्याच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत. आज्ञा येथे देवनागरीत दाखविल्या असल्या, तरी संगणकावर त्या लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहावयाच्या आहेत.

१. जोडबिंदू म्हणून रिकामी निर्देशिका तयार करावी : ‘सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/पेन’. येथे ‘सुडो’ या शब्दाने प्रशासकाचा अधिकार तात्पुरता मिळतो आणि संगणक परवलीचा शब्द विचारतो.

२. विभाग त्या जागी जोडावा : ‘सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी/पेन’. आधी काय जोडावयाचे आणि नंतर कोठे, हा क्रम पाळावा.

३. ‘एलएस /एमएनटी/पेन’ या आज्ञेने आतील फाइली दिसतात का, ते पाहावे.

आज्ञा यशस्वी झाली तर संगणक बहुधा काहीच बोलत नाही. त्याचे मौन हीच संमती समजावी. जोडबिंदू रिकामाच का असावा, यासही कारण आहे. त्यात आधीच्या फाइली असल्यास जोडणी असेपर्यंत त्या झाकल्या जातात. त्या नष्ट होत नाहीत, परंतु दिसेनाशा झाल्याने विनाकारण घबराट उडते.

जुना महत्त्वाचा दस्तऐवज केवळ पाहावयाचा असेल, तर माउंट आज्ञेत ‘-ओ आरओ’ ही पुस्ती जोडावी. तिचा अर्थ ‘केवळ वाचनासाठी’ असा आहे. अशा जोडणीत नजरचुकीने फाईल पुसली जाण्याची भीती राहत नाही. अपरिचित पेन ड्राइव्हसाठी ‘-ओ आरओ,नोएक्झेक’ असे लिहिल्यास त्यातील कार्यक्रम थेट चालविण्यासही मज्जाव होतो.

तिसरी पायरी : रीतसर विलगीकरण

सर्वाधिक हानी होते ती याच पायरीकडे केलेल्या दुर्लक्षामुळे. फाईल पेन ड्राइव्हवर पाठविली आणि पटलावरील पट्टी पूर्ण भरली, म्हणजे काम संपले असे वाटते. वस्तुस्थिती वेगळी असते. पेन ड्राइव्हवर लिहिण्याचा वेग कमी असल्याने लिनक्स ती माहिती प्रथम आपल्या जलद स्मृतीत घेते आणि मागाहून सवडीने साधनावर उतरविते. टपाल पेटीत पडले म्हणजे ते पोहोचले असे होत नाही, तसाच हा प्रकार आहे. या मधल्या काळात पेन ड्राइव्ह उपसून काढल्यास फाईल अर्धवट राहते. प्रसंगी संपूर्ण फाईल-रचनाच बिघडते आणि आधीपासून असलेल्या फाइलीही धोक्यात येतात.

यावर उपाय म्हणजे ‘सुडो युमाउंट /एमएनटी/पेन’ ही आज्ञा. या शब्दाच्या लेखनात अनेकांची चूक होते. यू या अक्षरानंतर लगेच एम येतो, मध्ये एन नाही. ही आज्ञा उरलेली सर्व माहिती साधनावर उतरविते आणि मगच जोड सोडविते. तीस कधीकधी मिनिटभर वेळ लागतो, तेवढा धीर धरावा. चित्रमय पटलावर हेच काम चिन्हाजवळील बाहेर काढण्याच्या कळीने होते.

‘साधन व्यग्र आहे’ अशा अर्थाचा संदेश आल्यास त्यातील एखादी फाईल उघडी आहे किंवा आज्ञापटल त्याच निर्देशिकेत उभे आहे, असे समजावे. फाइली मिटून ‘सीडी’ ही आज्ञा दिल्यास आज्ञापटल मूळ स्थानी परतते. नंतर पुन्हा प्रयत्न करावा. तरीही अडचण राहिल्यास ‘एलएसओएफ /एमएनटी/पेन’ या आज्ञेने कोणता कार्यक्रम साधन अडवून बसला आहे, ते कळते.

कायम जोडणीची व्यवस्था

काही कार्यालयांत रोजची नक्कल घेण्यासाठी एकच बाह्य हार्ड डिस्क नेहमी वापरली जाते. ती दर वेळी हाताने जोडण्याऐवजी ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलीत तिची एक ओळ नोंदविता येते. या ओळीत ‘एसडीबी१’ असे बदलते नाव न लिहिता ‘बीएलकेआयडी’ने सांगितलेला ओळख-क्रमांक लिहावा. यास ‘यूयूआयडी’ म्हणतात. ईएक्सटी४ विभागाचा हा क्रमांक ३२ अंकाक्षरांचा असतो, तर फॅट३२ विभागाचा केवळ ८ अंकाक्षरांचा. डिस्क कोणत्याही खाचेत लावली तरी तो बदलत नाही. फाईल-रचना नव्याने निर्माण केल्यास मात्र नवा क्रमांक मिळतो आणि नोंद बदलावी लागते.

त्याच ओळीत ‘नोफेल’ हा शब्द अवश्य घालावा. तो नसेल आणि एखाद्या दिवशी डिस्क जोडलेली नसेल, तर संगणक सुरू होताना तिची सर्वसाधारणपणे ९० सेकंद वाट पाहतो आणि नंतर आपत्कालीन अवस्थेत थांबतो. कार्यालय उघडण्याच्या वेळी असे घडल्यास नागरिकांना ताटकळावे लागते. एका शब्दाने ही गैरसोय टळते.

नेहमीच्या दोन अडचणी

पेन ड्राइव्ह जोडला जातो, परंतु त्यावर काही लिहिता येत नाही, ही पहिली अडचण. फॅट किंवा एक्सफॅट रचनेचा विभाग प्रशासकाच्या अधिकाराने जोडल्यास त्यातील फाइली प्रशासकाच्या मालकीच्या समजल्या जातात. अशा वेळी माउंट आज्ञेत ‘-ओ यूआयडी=१०००’ अशी पुस्ती द्यावी. संगणकावरील पहिल्या सामान्य वापरकर्त्याचा क्रमांक बहुधा १००० असतो. ‘आयडी’ ही आज्ञा दिल्यास आपला नेमका क्रमांक कळतो.

दुसरी अडचण एनटीएफएस रचनेच्या डिस्कची. विंडोज संगणकातून ती रीतसर न काढता आणली असल्यास लिनक्स ती जोडण्यास नकार देते किंवा केवळ वाचनासाठी जोडते. यावर बळजबरी करू नये. ती डिस्क पुन्हा विंडोज संगणकास लावून तपासून घ्यावी आणि तेथून रीतसर बाहेर काढून आणावी.

एकाच प्रतीवर विसंबणे धोक्याचे

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठा नदीच्या पुराने पुणे शहराच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. घरादारांबरोबर असंख्य कागदपत्रेही त्या दिवशी वाहून गेली. ज्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती, तो कायमचा गेला. पेन ड्राइव्हच्या बाबतीत हा धडा अधिकच लागू पडतो. कागद भिजला तर वाळविता येतो. निकामी झालेल्या पेन ड्राइव्हमधून माहिती परत मिळेलच, अशी शाश्वती नसते. म्हणून महत्त्वाच्या माहितीच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक कार्यालयाच्या इमारतीबाहेर असावी. पेन ड्राइव्ह हे माहिती नेण्या-आणण्याचे साधन आहे. त्यास अभिलेखागाराचे स्थान देऊ नये.

प्रत्येक कार्यालयाने आणि शाळेने आपल्या पेन ड्राइव्ह व डिस्कची एक साधी नोंदवही ठेवली, तर बराच गोंधळ टळेल. साधनाचे नाव, आकारमान, फाईल-रचना, ओळख-क्रमांक, ते कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याची शेवटची नक्कल केव्हा घेतली, एवढे सहा रकाने त्यासाठी पुरेसे आहेत. मोडी कागदांचे रुमाल बांधणाऱ्या कारकुनाजवळ संगणक नव्हता, परंतु रुमाल ओळखून उघडावा आणि बांधून जागी ठेवावा, हे त्यास ठाऊक होते. त्या शिस्तीमुळे शतकांपूर्वीचे कागद आज वाचावयास मिळतात. गावाची करआकारणी आणि विद्यार्थ्यांचे निकाल पुढील पिढीच्या हाती सुखरूप सोपवावयाचे असतील, तर तीच शिस्त नव्या दप्तरासही लावावी लागेल.